बदलीची बदली

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आमच्या लाकडी जिन्याकडे कान देऊन मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. चपला भराभर वाजत वर आल्या, तर ती आक्का. पावलं अर्ध्या जिन्यावर थांबली आणि "बाईंचं घर हेच न्हवं?" असा आवाज आला, तर ती आक्का नव्हे, आक्काची बदली. आणि पावलंच वाजली नाहीत, तर माझ्या नोकरीचा आणखी एक टवका उडाला असं समजायचं.

आक्का म्हणजे माझ्या लेकीला सांभाळणारी बाई. आणि नोकरी म्हणजे सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्याची. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही नवी पेठेत एका कापडाच्या दुकानावर दोन खोल्यांत राहत होतो. खाली दिवसभर कापडाची थानं आपटल्याचा आवाज, वर आमची नऊ महिन्यांची लेक. आमचे हे बांधकाम खात्यात होते. खात्यानं त्यांना सांगोल्याकडच्या रस्त्यांवर नेमलं होतं, त्यामुळे ते शनिवारी संध्याकाळी धुळीसकट घरी यायचे आणि सोमवारी पहाटे धूळ माझ्याकडे ठेवून परत जायचे. सासूबाई करकंबला. मी पत्र धाडलं तशा त्या आल्या, नातीला तेल लावलं, न्हाऊमाखू घातलं, आणि आठ दिवसांनी पिशवी भरून म्हणाल्या, "हिला काय, कुणी बी घेईल. माझ्या म्हशी दुसऱ्याला अंगाला हात लावू देत न्हाईत." दोन म्हशींपुढे आमची लेक हरली.

शाळेतली माझी जागाही माझी नव्हती. एक बाई लांबच्या रजेवर गेल्या म्हणून त्यांच्या जागी मला घेतलं होतं. पुढे त्यांनी राजीनामाच दिला. आता ती जागा कायमची मला द्यायची की आणखी कुणाला, हे शाळाखात्याचे साहेब तपासणीला येतील आणि माझा पाठ बघतील तेव्हा ठरणार होतं. पण त्याआधी मोठ्या बाईंचा शेरा जायचा होता. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्यांनी हळू आवाजात "जरा येता का?" म्हटलं की सगळ्या वऱ्हांड्याला घाम फुटायचा. मला एकदा असंच बोलावून त्या म्हणाल्या, "तुम्ही शिकवता छान. पण छान शिकवणाऱ्या मला पुष्कळ मिळतात. रोज येणाऱ्या मिळत नाहीत."

मी मनात म्हटलं, बाई, हेच दुःख माझं!

आक्का मला दूधवाल्याच्या ओळखीनं मिळाली. मूळची वळसंगची, शेतकऱ्याची लेक. लग्न होऊन कापडाच्या मिलमागच्या चाळीत आलेली. वयानं माझ्याएवढीच. तरी "आक्का म्हना, समदी म्हनत्यात," असं तिनंच सांगितलं आणि मी म्हणू लागले. मी तिची रीतसर मुलाखत घेतली. घरातल्या एकुलत्या खुर्चीत बसून, चष्मा नाकावर ओढून, अगदी शाळाखात्याच्या साहेबासारखी.

"वेळेवर येशील ना?"

"येईन की."

"तंबाखू खातेस?"

"मिसरी लावते. पर पोरीला वास येऊ द्यायची न्हाय."

"आणि घरी लहान मूल नाही ना? मग रोज त्याचं दुखणंखुपणं, तुझी धावपळ."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "न्हाय की."

तेवढ्यात माझ्या लेकीनं रांगत जाऊन तिच्या मांडीवर चढून तिच्या नाकातली चमकी पकडली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आक्कानं ती सोडवली नाही. "हिनं मला ठिवलं बगा," ती म्हणाली आणि मुलाखत संपली.

आक्का यायची तेव्हा मात्र अशी यायची की वाटावं, घरात पाहुणा नव्हे, अख्खा बँडच आला. लेकीला खांद्यावर घेऊन खिडकीतून खालचा रस्ता दाखवायची. "ती बग टांगा, ती बग पिवळी साडी, ती बग जाडी बाई," अशी सगळ्या पेठेची हजेरी व्हायची. लेक पोटभर जेवायची, गाढ झोपायची. मी इतकी सुखावायची की ज्या दिवशी आक्का स्वतः आली, त्या दिवशी शाळेला निघण्याआधी देवापुढे चिमूटभर साखर ठेवायची. देवाला ती साखर काही रोज मिळाली नाही.

कारण आक्काच्या येण्याला ना काही ताल होता ना हिशेब. चार दिवस ओळीनं यायची, मग दोन दिवस गायब. आदल्या संध्याकाळी "उद्या येतेस ना?" विचारलं तर "येते की!" आणि सकाळी जिना मुका. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिच्या खाड्यांच्या लाल फुल्या मारल्या आणि रविवारी ह्यांच्यासमोर ती उलगडून ठेवली. अमावास्या जुळते का पाहिलं. जुळेना. बाजाराचा वार पाहिला. जुळेना. रस्ते आखणारा माणूस, त्यांनी पट्टी लावून पाहिली आणि निकाल दिला, "तिला उपास असणार." एवढं बोलून ते जेवायला बसले.

परत आली की आक्का कारण मात्र न चुकता सांगायची. पाव्हणं आलं हुतं. पोटात गोळा उठला. भावकीत दहावं हुतं. नळाला पानीच आलं न्हाय.

आता माझी चोरी सांगते. ज्या दिवशी ती यायची नाही, त्या दिवशी मलाही शाळेला खाडा करावा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना कारण द्यावं लागायचं. खरं सांगायची हिंमत नव्हती. मूल सांभाळायला कोणी नाही म्हटलं तर त्या म्हणणार, मग नोकरी कशाला करता? म्हणून आक्कानं मला नऊ वाजता सांगितलेलं कारण मी अकरा वाजता मोठ्या बाईंना जसंच्या तसं द्यायची. पाहुणे आले होते, बाई. पोटात गोळा उठला, बाई. भावकीत दहावं होतं. भाषा तेवढी शुद्ध करायची, शेवटी मराठीची शिक्षिका मी. ही व्यवस्था झकास चालली होती. मग एके दिवशी आक्का म्हणाली, "शेळी सुटली वो बाई! धरता धरता दिस गेला." आणि मी घाईत, काही विचार न करता, मोठ्या बाईंसमोर जाऊन म्हणाले, "काल आमची शेळी सुटली होती."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "नवी पेठेत? शेळी?"

मागे फिरायला आता जागा नव्हती. "गच्चीवर असते, बाई. मुलीच्या दुधासाठी ठेवलीय."

"गच्चीवर."

"हो. स्वभावानं गरीब आहे. पण सुटते."

त्यांनी रजेच्या अर्जावर सही केली. त्या दिवसापासून त्या वऱ्हांड्यात भेटल्या की गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, "शेळी कशी आहे?" आणि मला बातमी द्यावी लागायची. आज जरा शिंकतेय, बाई. आज पाला खाल्ला नाही. दुसऱ्यांच्याही कानावर गेलं. चित्रकलेच्या बाईंना मी ती काळी म्हणून सांगितलं होतं आणि शिवणाच्या बाईंना तांबडी म्हणून. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून वाद झाला, तेव्हा मला तिच्या पाठीवर एक तांबडा ठिपका घालावा लागला. आठवीच्या वर्गानं तिला नाव सुचवायचं ठरवलं. जगात नसलेलं जनावर पाळणं फार कष्टाचं असतं, हे अनुभवानं सांगते.

शेवटी एकदा मी आक्कापुढे हात जोडले. "तू आली नाहीस की माझी शाळा बुडते गं! मी काय करू?"

तिनं मनापासून विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "मग बदली पाठिवते की!"

मिलच्या चाळीत राहणारी बाई ती. तिच्या दृष्टीनं ही जगातली सगळ्यात सरळ सोय होती. मिलमध्ये पक्का कामगार आला नाही तर त्या दिवसापुरता दुसरा उभा करतात, त्याला बदली म्हणतात. असे बदली कामगार रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटवर जाऊन उभे राहायचे. जॉबर, म्हणजे मिलचा मुकादम, ज्याच्याकडे बोट करील तो आत, बाकीचे घरी. आक्काचा नवरा असाच बदली होता, एवढं मला माहीत होतं. "मानूस आला न्हाय म्हनून माग थांबत न्हाय, बाई," तिनं मला समजावलं. "तुमचा माग बी थांबायचा न्हाय."

माझ्या लेकीला माग म्हटलेलं मला तितकंसं आवडलं नाही, पण माग चालू राहणार म्हणून मी हरखले.

पहिली बदली म्हणून एक म्हातारी आली. तिला कानानं अजिबात ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी मी परत आले तर पाळण्याच्या दोरीचं एक टोक म्हातारीच्या मनगटाला बांधलेलं, म्हातारी भिंतीला टेकून घोरतेय आणि आमची लेक पाळण्यात बसून दोरी ओढतेय. तिनं ओढली की म्हातारी हलायची. दोघीही सुखात होत्या.

दुसरी बदली विणकरांच्या घरातली आजी. तिला मराठी येईना, मला तेलुगू येईना. पण लेकीला दोन्ही येत नसल्यामुळे त्यांचं छान जमलं. ती आजी चार-पाचदा आली असेल. एका शनिवारी लेक ह्यांच्या मांडीवरून ओरडली, "पालु! पालु!" ह्यांना आनंदाचं भरतं आलं. "बोलायला लागली की! काय म्हणतेय?"

"दूध मागतेय," मी म्हटलं.

"कुठल्या भाषेत?"

बाप आठवड्यातून दीड दिवस भेटणार, आई शाळेत, मग पोरीनं दुसरं काय करावं?

पण या सगळ्यांवर कडी झाली ती एका गुरुवारी. पाच वाजता मी दार ढकललं तर आत एक अनोळखी बाई माझ्या लेकीला मांडीवर घेऊन बसलेली, बाजूला बांगड्यांची मोठी टोपली. मला बघताच ती कडाडली, "क्या बाई! मैं चुड्याँ बेचने को आयी थी की! वो बोली पाँच मिनट बच्ची कू पकड़ो, मैं अब्बी आतूँ. सुबू के ग्यारा बजे से पकड़ के बैठी हूँ!"

ही 'वो' कोण, तर त्या दिवशीची आक्काची बदली. तिला घरून काही निरोप आला म्हणून ती जिना उतरत होती आणि ही बिचारी बांगड्या विकायला जिना चढत होती. म्हणजे ही बदलीची बदली. लेकीच्या दोन्ही हातांत मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या, लाल, सोनेरी बांगड्या होत्या आणि ती हात हलवून त्या वाजवत होती. "रो रही थी," बांगडीवाली नरमून म्हणाली. "एक पिनाई तो चुप. दुसरी पिनाई तो हँसी. फिर मैं क्या करती?" मी तिला चहा केला. दोघींनी बशा भरभरून प्यायला. मोठी सज्जन बाई होती. पण माझ्या पोटात जो गोळा उठला तो या वेळी खरा होता. उद्या आणखी कोण माझ्या पोरीला घेऊन बसलेलं असेल?

दुसऱ्या दिवशी मी आक्काला सांगितलं, आता बदली बंद. स्वतः येत असशील तर ये. ती खाली मान घालून "व्हय" म्हणाली.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी मला बोलावलं. साहेबांचा तपासणीचा दिवस ठरला होता. पहिलाच तास माझा, आठवीवर. "मी तुमच्याबद्दल अजून काही लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही वेळेवर वर्गात असाल, तर चांगलं लिहीन. नसाल, तर जे हजेरीपटात आहे ते लिहीन." मग दारापर्यंत गेल्यावर मागून, "शेळीला घट्ट बांधा."

दिवस संक्रांतीचे होते. सोलापुरात तेव्हा सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी गड्ड्यावर शोभेचं दारूकाम होतं. आम्ही गच्चीवरून आकाशात फुटणारी झाडं बघत उभ्या होतो, मी, लेक आणि घरी निघालेली आक्का. मी तिचे दोन्ही हात धरले. "आक्का, उद्या एक दिवस. उद्या तू आली नाहीस तर माझी नोकरी गेली. पुढे तुला ठेवायलाही मी उरणार नाही."

"उद्या काय बी होऊ द्या बाई, मी हाय," आक्का म्हणाली.

सकाळी नऊ वाजले. साडेनऊ वाजले. जिना मुका.

पावणेदहाला मी लेकीला कडेवर घेतलं, पिशवीत पुस्तक, खडू आणि दुधाची बाटली कोंबली आणि खाली येऊन टांग्यात बसले. आक्काला हाताला धरून ओढत आणायचं, असं ठरवलं होतं. वाटेत मी भाषणाची तालीम केली. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलींची नाटकं मीच बसवायची, त्यामुळे आवाज कुठे चढवायचा आणि कुठे खाली आणायचा हे मला कळत होतं. "विश्वासघात!" मी टांग्यात हात उंचावून म्हणाले. "ज्या घरानं तुला आपलं मानलं, त्या घराशी तू असं वागलीस? आजपासून तुझा नि माझा संबंध संपला!"

टांगेवाल्यानं लगाम खेचून मागे पाहिलं. "मेरेकू बोल रहे क्या, बाई?"

चाळीत शिरले तर तिथे लग्नघरासारखा आनंद. नळावर बायका मोठमोठ्यानं हसत होत्या. एकीनं ओळखपाळख नसताना माझ्या हातावर तीळगूळ ठेवला. "घ्या की बाई! आज आमच्या चाळीतला एक बी बदली माघारी आला न्हाय. समदी आत घितली!"

"का हो?"

"कालचं दारूकाम बगून पक्की मान्सं आडवी पडल्यात घराघरात! गेटवर जॉबर हाका मारून मारून मान्सं आत घेत हुता म्हनं." आणि सगळ्या पुन्हा हसल्या. मी आक्काची खोली विचारली. तिसरी.

दार उघडंच होतं. आक्का चुलीपुढे बसली होती आणि तिच्या पाठीला धरून वर्ष-सव्वा वर्षाचं एक पोरगं उभं होतं. कमरेला काळा करगोटा, हातात भाकरीचा तुकडा. आक्कानं मला पाहिलं आणि तिचा हात पिठातच थांबला.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माजंच की, बाई."

"तू तर म्हणाली होतीस घरी लहान मूल नाही!"

"तुमीच इचारलं तसं," ती म्हणाली. "'ल्हान मूल न्हाय ना?' असं. हाय म्हनले असते तर ठिवलं असतं व्हय मला?"

ठेवलं नसतं. दोघींनाही ते माहीत होतं.

मग तिनं सांगितलं. सकाळी भोंगा झाला की नवरा गेटवर. काम लागलं नाही तर साडेआठपर्यंत घरी यायचा, पोराला घ्यायचा आणि ती माझ्याकडे यायची. साडेआठला तो आला नाही, म्हणजे काम लागलं. मग पोराला घेणारं कोणी नाही, तिचा खाडा. त्या आधी तिलाच ठाऊक नसायचं, तर मला काय सांगणार? "आज बदली धाडायची म्हटलं तर तुमी नको म्हनलेलं. आनि चाळीत आज मोकळं कोन बी न्हाय." तिनं डोळे पुसले, त्यामुळे तोंडाला पीठ लागलं. "काल मी हाय म्हनले, बाई. मला वाटलं, एवढं नशीब कुटलं की नेमकं उद्याच काम लागंल."

"आणि शेळी?"

"कसली शेळी? ह्या खोलीत शेळी कुटं बांदू?"

माझं भाषण तोंडाशी आलेलं होतं. ते कसं सुरू करायचं या विचारात माझी नजर भिंतीतल्या कोनाड्याकडे गेली. तिथे सिद्धेश्वराची तसबीर होती आणि तिच्यापुढे डब्याच्या झाकणावर चिमूटभर साखर.

"ही कशाची?"

"मालकास्नी काम लागलं की ठिवते. रोज कुटली, बाई. लागंल त्याच दिशी."

चार महिने मी ज्या ज्या सकाळी साखर ठेवली होती, त्या प्रत्येक सकाळी हिचा नवरा गेटवरून हात हलवत परत आला होता. आणि माझ्या दिनदर्शिकेवरच्या लाल फुल्या म्हणजे ह्या घरातले चांगले दिवस. देवानं दोन्ही घरची साखर खाल्ली होती. फक्त एकाच दिवशी दोन्हीकडची कधी नाही.

"रागावला व्हय?" आक्कानं विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच लेक माझ्या कडेवरून घसरली, रांगत त्या पोराकडे गेली आणि तिनं त्याचा कान धरला. पोरानं जरा विचार केला आणि हातातला भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात कोंबला.

"ह्यांचं ठरलं," आक्का म्हणाली. "ठिवा तिला हितं. आनि तुमी जावा साळंला, वाजलं किती?"

"आक्का," मी पिशवीतून बाटली काढून देत म्हणाले, "उद्यापासून ह्यालाही घेऊन यायचं."

"आनि मालक लागलं तर?"

"लागू दे. न लागले तरी आण."

टांगेवाला थांबला होता. पण गड्ड्याच्या गर्दीतून घोड्याला वाट मिळेना, आणि मी आठवीच्या वर्गाच्या दारात पोचले तेव्हा तास सुरू होऊन सात मिनिटं झाली होती. मागच्या बाकावर साहेब बसले होते, गुडघे बाकात अडकलेले. फळ्याजवळ मोठ्या बाई. साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"उशीर झाला, बाई?"

आज मी ठरवलं होतं. चार महिने दुसरीची कारणं सांगितली, आज आपलं सांगायचं. "साहेब," मी म्हटलं, "माझं मूल..."

"त्यांची शेळी सुटली होती, साहेब," मोठ्या बाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू, चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

साहेबांनी वर्गाकडे पाहिलं. चाळीस मुलींनी गंभीरपणे माना डोलावल्या. पहिल्या बाकावरची एक तर काळजीनं म्हणाली, "सापडली का, बाई?"

"सापडली," मी म्हटलं.

साहेबांचा चेहरा एकदम सैल झाला. "शेळी मोठी लबाड जात," ते म्हणाले. "आमच्या आईकडे होती. दाव्याला गाठ दुहेरी मारायची, मग नाही सुटत. हं, चालू द्या."

पाठ कसा झाला ते मला नीट आठवत नाही. मुठीतला तीळगूळ विरघळून खडू बोटांना चिकटला होता आणि तो काही केल्या सुटत नव्हता, त्यामुळे मी हातवारे जरा जास्तच केले असावेत. साहेब दोनदा हसले. दोन्ही वेळा हसण्याच्याच जागी हसले, एवढं नक्की.

ते गेल्यावर मोठ्या बाईंनी मला खोलीत बसवलं. "शेळी नाही ना?"

"नाही, बाई."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण तिला सर्दी झाल्यावर पुढे काय होतं याची मला उत्सुकता लागली. आता खरं सांगा."

मी सगळं सांगितलं. म्हातारी, बांगडीवाली, गेट, दोन घरची साखर. त्यांनी टाक दौतीत बुडवला. मग म्हणाल्या, "माझी दोन्ही मुलं माझ्या आईनं वाढवली. मला कधी कुणाला कारण द्यावं लागलं नाही." आणि कागद पुढे ओढून त्यांनी माझ्यासमोरच लिहायला सुरुवात केली. काय लिहिलं ते मला दिसत नव्हतं, पण बरंच लिहिलं.

संध्याकाळी मी लेकीला आणायला गेले तेव्हा आक्काचा नवरा मिलमधून आलेला होता. केसांत कापसाचे धागे, एका मांडीवर त्याचं पोर, दुसरीवर माझं. मला बघून तो उठायला गेला, पण दोघांनी त्याला उठू दिलं नाही. "तुमची पोर लई ग्वाड हाय," तो लाजून म्हणाला. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. आक्का आली नव्हती तरी ठेवली.

पुढे आक्का रोज यायची, पोराला कडेवर घेऊन. गेटवर काय झालं हे आता तिच्या चेहऱ्यावरून कळायचं, जिन्यावरून नव्हे. एकदाच ती तापानं आजारी पडली. त्या दिवशी नऊला पाच कमी असताना जिन्यावर जड पावलं वाजली आणि तिचा नवरा दारात उभा राहिला. त्याला त्या दिवशी मिलमध्ये काम लागलं नव्हतं. पोराला खाली ठेवून, गेटवर उभं राहावं तसा ताठ उभा राहून तो म्हणाला, "बदली हाय, बाई." मी निर्धास्त शाळेला गेले. संध्याकाळी पाहते तर दोन्ही पोरं झोपलेली, आणि पाळण्याची सैल झालेली दोरी त्यानं अशी गाठ मारून बांधलेली की पुढे पाळणा काढताना आम्हाला ती कापावी लागली.

जूनमध्ये माझी कायमची ऑर्डर आली. मोठ्या बाईंनी ती स्वतः माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता ती शेळी विकून टाका."

मी घरी येऊन आक्काला हे शेळीच्या सगळ्या गोष्टीसकट सांगितलं तेव्हा ती पोटभर हसली. मग पोराच्या तोंडातलं खेळणं काढून माझ्या लेकीला देत म्हणाली, "नका इकू, बाई. मालक अजून पक्कं व्हायचं हायत. ऱ्हाऊ द्या, कदी तरी कारन सांगाया लागंल."